आधी पाणी तोडायचं

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झालेत. दुर्बिणीतून झालं, पोटावर चार-पाच बारीक चिरा, तिसऱ्या दिवशी घरी. निवळलेली पेज, पातळ ताक, डाळीचं वरचं पाणी, सगळं चमच्याचमच्यानं चाललंय. सहाव्या रात्री बाई नवऱ्याला उठवते. "अहो, डावा खांदा ठणकतोय. आडवं पडवत नाही." घरात निदान व्हायला वेळ लागत नाही. गॅस! ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात म्हणे, तोच वर चढला असणार. सासूबाई ओव्याचं पाणी करून देतात. सकाळी कोपऱ्यावरचे डॉक्टर पित्ताचं इंजेक्शन आणि अंगदुखीची गोळी देतात. संध्याकाळी मुलगा कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटातून शोधून आईच्या बोटाला लावतो. ऑक्सिजन ९६. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याच डबीवर खाली दुसरा आकडा आहे, नाडीचा. तो कुणी वाचत नाही. तो १२८ आहे.

ही बाई मी रचलेली आहे, पण वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर जठरातून गळती झाल्याच्या कितीतरी कहाण्या अशाच सुरू होतात. डॉक्टर या प्रकाराला नुसतं 'लीक' म्हणतात, आणि एकदा झालं की रुग्णही तोच शब्द वापरतात. "माझं लीक झालं होतं," असं, जणू छताचं बोलावं तसं.

नेमकं गळतं काय आणि कुठून, हे कळायला आधी ऑपरेशन कळायला हवं. सध्या सर्वांत जास्त केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. स्लीव्ह म्हणजे सदऱ्याची बाही. जठर ही एक फुगीर पिशवी. तिचा डावीकडचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून कायमचा काढून टाकतात आणि उरते ती बाहीसारखी अरुंद नळी. ती फार अरुंद वा फार सैल होऊ नये म्हणून तोंडातून एक मापाची रबरी नळी आत घालून ठेवतात आणि तिच्या कडेकडेनं कापत जातात. ३६ नंबरची नळी घातली तर तिची जाडी १२ मिलिमीटर. करंगळीएवढी म्हणा.

कापणं आणि शिवणं एकाच वेळी होतं, स्टेपलरनं. ऑफिसातल्या स्टेपलरचाच तो थोरला भाऊ. एका कार्ट्रिजमध्ये टायटॅनियमच्या पिनांच्या सहा रांगा असतात. खटका ओढला की सहाही रांगा मांसात बसतात आणि मधून पातं फिरतं. तीन रांगा या बाजूला, तीन त्या बाजूला. अशी पाच-सहा कार्ट्रिज एकापुढे एक चालवली की जठराला तळापासून माथ्यापर्यंत शिवण पडते. हे यंत्र नवं वाटतं, पण हंगेरीतल्या ह्युमेर ह्युल्टल या सर्जननं १९०८ साली बुडापेस्टमध्ये जठराच्या ऑपरेशनात पहिला स्टेपलर वापरला होता. त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास होतं आणि तो जुळवून तयार करायलाच दोन तास लागत. पिन मिटल्यावर तिचा आकार इंग्रजी 'बी'सारखा होतो; कडा घट्ट धराव्यात पण बारीक रक्तवाहिन्या चिरडू नयेत, यासाठी. शतकभर यंत्र बदललं, तो आकार तसाच राहिला. कारण घट्ट शिवण आणि जिवंत शिवण यांचा तोल तिथेच साधायचा असतो.

तो तोल बिघडला की गळती. पहिल्या दोन दिवसांत झाली तर दोष बहुधा शिवणीचा असतो. भिंत जाड आणि पिन आखूड, किंवा उलट. पण पुष्कळ गळत्या पाचव्या-सहाव्या दिवसाच्या पुढे उघडतात, आणि तेव्हा शिवण उसवलेली नसते. तिथल्या मांसाला रक्त कमी पडलेलं असतं, ते हळूहळू मरतं आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. ऑपरेशन टेबलवर निळं पाणी भरून शिवण तपासली आणि ती कोरडी निघाली, याचा म्हणूनच फारसा भरवसा धरता येत नाही. त्या दिवशी ती खरोखरच कोरडी असते.

भोक बहुतेक वेळा एकाच जागी पडतं, शिवणीच्या अगदी माथ्याशी, जिथे अन्ननलिका जठराला मिळते. तिथे जठराची भिंत सर्वांत पातळ असते आणि तिथल्या रक्तवाहिन्या सर्जनला मोकळं करताना तोडाव्या लागतात. तिसरं कारण दाबाचं आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. इस्रायलमधल्या सर्जनांनी २००८ साली जठरात पाणी भरून दाब मोजले. अख्ख्या जठरात सुमारे दीड लिटर मावलं आणि दाब पाऱ्याच्या ३४ मिलिमीटरपर्यंत गेला; उरलेल्या नळीत जेमतेम १३० मिलिलिटर मावलं आणि दाब ४३ झाला. काढून टाकलेला भाग हा जठराचा फुगणारा भाग होता. उरली ती ताठ नळी. तिच्या खालच्या तोंडाशी जठराचं मूळचं दार शाबूत, ते मनाला येईल तेव्हा उघडणारं. मध्ये, जिथे जठर वळतं त्या कोपऱ्यात, नळी जरा जास्तच आवळली गेली असेल किंवा पिळली असेल, तर वरचा दाब आणखी वाढतो. २०१२ सालच्या एका विश्लेषणात सुमारे ४,९०० रुग्णांची माहिती एकत्र केली होती. गळतीचं प्रमाण २.४ टक्के निघालं. मापाची नळी ४० नंबर किंवा त्याहून जाड वापरली होती तिथे ते ०.६ टक्के होतं, त्याहून बारीक वापरली तिथे २.८. तेव्हापासून सरावलेल्या हातांनी हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं आहे. शंभरात एक हा आकडा लहान वाटतो. ज्या घरात तो एक असतो तिथे मात्र पुढचे काही महिने दुसरा विषय नसतो.

रुग्णाच्या बाजूनं शिवणीला रक्त कमी पडायला हातभार लावणारी गोष्ट म्हणजे निकोटिन. "तंबाखू खाता का, सिगारेट ओढता का," असं ऑपरेशनआधी विचारतातच. आपल्याकडच्या कितीतरी बायका मनापासून "नाही" म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. पण भाजलेली असली तरी मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि हिरड्यांतून रक्तात उतरलेलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. हा प्रश्न मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवा.

आता त्या खांद्याकडे येऊ. भोकातून लाळ, जठरातला रस, प्यायलेलं ताक बाहेर झिरपतं आणि प्लीहेच्या वर, श्वासपटलाच्या खाली साठतं. तिथे पू होतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच निघतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो आणि दुखतो तो खांदा. ऑपरेशनच्या वेळी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळेही खांदा दुखतो, त्यामुळे 'गॅस' हे निदान अगदीच खुळचट नाही. पण तो वायू एक-दोन दिवसांत शोषला जातो. सहाव्या दिवशी नव्यानं सुरू झालेलं दुखणं त्याच्या माथी मारता येत नाही.

पोटात पू झाला की पोट लाकडासारखं कडक होतं, असं वैद्यकाच्या पुस्तकात असतं. जाड माणसाच्या पोटावर ते कळत नाही. चरबीच्या थराखाली काय चाललंय ते हाताला लागत नाही. ताप येतो किंवा येत नाही. नाडी मात्र बहुतेक वेळा वाढतेच. स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी १२०च्या वर टिकून राहिली, श्वास भरभर चालला, किंवा "काहीतरी बिघडलंय, मला सांगता येत नाही" असं तो म्हणू लागला, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत लीकच समजायचं, हा या क्षेत्रातला सर्वमान्य दंडक आहे. आणि जायचं ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात न जाता ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे. सीटी स्कॅन करताना पाण्यातून औषध पाजून ते बाहेर पडतंय का हे बघतात. स्कॅन स्वच्छ आला आणि नाडी उतरत नसेल, तर अनुभवी सर्जन स्कॅनपेक्षा नाडीवर विश्वास ठेवतो आणि पोटात पुन्हा दुर्बीण घालून बघतो.

घरच्यांचा पहिला प्रश्न साहजिक असतो, "भोक आहे ना, मग टाका घाला की." तिथेच या आजाराची खरी गंमत आहे, गंमत म्हणवत नसली तरी. भोकाभोवतीचं मांस सुजलेलं, पुवानं भिजलेलं, अर्धवट मेलेलं असतं. त्याला टाका घालणं म्हणजे भिजलेल्या पापडाला टाका घालणं. सुई जाते तिथून चिरत पुढे येते, आणि एका भोकाची दोन होतात. रात्रीच्या पाळीला पाट फुटला तर शेतकरी फुटक्या जागेवर चिखलाची ढेकळं टाकत बसत नाही. तो आधी वर जातो आणि पाणी तोडतो. मग साचलेल्याला वाट करून देतो. खालचं कुठे तुंबलंय का, ते मोकळं करतो. बांध सगळ्यात शेवटी धरतो, आणि पुष्कळदा तो तोवर आपसूक धरलेला असतो. लीकच्या उपचारांत इतकी वर्षं जे जे यशस्वी ठरलं, ते या चार कामांच्या बाहेरचं नाही.

साचलेलं काढणं सर्वांत तातडीचं. रुग्णाचा रक्तदाब ढासळत असेल तर थेट ऑपरेशन, पण तेही भोक शिवण्यासाठी नव्हे. पोट धुऊन काढायचं, भोकाजवळ जाड ड्रेन, म्हणजे पू बाहेरच्या पिशवीत आणणारी नळी, ठेवायचा, आणि लहान आतड्यात अन्नाची नळी बसवून बाहेर पडायचं. रुग्ण स्थिर असेल तर सीटीवर बघत कातडीतून सुईनं ड्रेन घालता येतो. सोबत प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी औषधं.

पाणी तोडणं म्हणजे तोंड बंद. पण माणूस जगवायचा, तर अन्न भोकाच्या पलीकडे पोचवायला हवं. त्यासाठी नाकातून लहान आतड्यापर्यंत जाणारी बारीक नळी घालतात आणि थेंबाथेंबानं तयार फीड सोडतात. प्रथिनं भरपूर लागतात. रोज वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास. घरची मंडळी इथे हमखास मिक्सर बाहेर काढतात. खिचडी वाटून, गाळून सोडू या, घरचं अन्न पोटात जाईल. भावना समजते, पण या नळीचं भोक बारीक असतं आणि भाताच्या पेजेनं ती चोंदते. चोंदली की पुन्हा एंडोस्कोपी करून नवी घालावी लागते. आणखी एक, उलट्या होत असतील किंवा बरेच दिवस नीट खाल्लेलं नसेल, तर ग्लुकोजच्या सलाईनआधी जीवनसत्त्व ब-१ द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पैशाच्या हिशेबात ही बाब चिल्लर आहे, म्हणूनच ती विसरली जाते.

तुंबलेलं मोकळं करणं बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलं. मधल्या कोपऱ्यात नळी आवळलेली असेल तर वरून कितीही उपाय केले तरी पाणी भोकाकडेच धावतं. एंडोस्कोपीतून फुगा नेऊन तो आवळलेला भाग ताणला, की काही भोकं त्यानंतरच मिटायला लागतात.

आता भोकापाशी काय करायचं, तर इथे मुख्य मतं दोन. पहिला उपाय स्टेंटचा. जाळीदार धातूची, वरून आवरण असलेली नळी आतून बसवायची. अन्न तिच्यातून खाली जातं आणि भोक झाकलं जातं. नव्या, लवकर धरलेल्या गळतीत हे चांगलं चालतं. पण हे स्टेंट मुळात अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी घडवलेले. स्लीव्हमध्ये ते नीट बसत नाहीत, घसरून खाली जातात. मग लांबलचक खास स्टेंट निघाले. ते कमी घसरतात, पण मळमळ, छातीत कळ, घशाशी येणारं आंबट पाणी यांनी रुग्ण हैराण होतो. सहा-आठ आठवडे हे सोसायचं असतं, आणि काही जण तिसऱ्याच दिवशी "काढा हे" म्हणतात. ते सहनशील नसतात असं नाही. एकदा त्यांच्या खाटेशेजारी बसून त्यांची रात्र पाहावी.

दुसरी वाट फ्रान्समधल्या एंडोस्कोपिस्टांनी रुळवली आणि ती ऐकताच उलटी वाटते. ते भोक झाकत नाहीत, उघडं ठेवतात. दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटासारखी वळलेली प्लॅस्टिकची बारीक नळी, पित्तनलिकेसाठी वापरतात तीच, भोकातून अशी घालायची की एक शेपूट पुवाच्या पोकळीत आणि दुसरं जठरात. पू बाहेर न येता आत, जठरात उतरतो, तिथून आतड्यात, आणि आतडं त्याची विल्हेवाट लावतं. बाहेरची नळी आणि पिशवी हळूहळू काढता येते. वळलेलं टोक पोकळीच्या भिंतीला टोचत राहतं, त्यामुळे तिथे नवं मांस भरतं आणि पोकळी आतून आक्रसते. चार-सहा आठवड्यांनी नळी बदलायची किंवा काढायची. कधी ती आपली आपणच सुटून खाली निघून जाते. तिला जागाच उरलेली नसते. सर्वांत मोठी गोष्ट, रुग्ण काही दिवसांत तोंडानं खायला लागतो. जुन्या पडलेल्या गळतीसाठी मला विचाराल तर हाच उपाय सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो भोकाशी भांडत नाही.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी यापुढे पाऊल टाकलं. जुन्या लीकमध्ये जठराची नळी आणि पुवाची पोकळी यांच्यामध्ये मांसाचा एक पडदा उरतो. तो पडदाच ते एंडोस्कोपीतून कापतात. दोन खोल्यांमधली भिंत पाडली की एकच खोली. जर्मनीतून आलेली पद्धत आणखी वेगळी: नाकातल्या नळीच्या टोकाला स्पंजाचा तुकडा बांधून तो पोकळीत ठेवायचा आणि मशीननं सतत ओढ लावायची. स्पंज दर तीन ते पाच दिवसांनी बदलावा लागतो. परिणाम चांगला, पण दर खेपेला एंडोस्कोपी आणि दर खेपेचं बिल. क्लिपा आणि गोंद यांचं नाव कानावर येईल. सुजलेल्या मांसात दोन्ही फार काळ धरत नाहीत.

मिटत नाही ते भोक काय करतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला चुकून जवळून छऱ्यांची गोळी लागली. तो वाचला, पण जठर बरगड्यांखालच्या कातडीला चिकटून बरं झालं आणि भोक तसंच राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट वर्षानुवर्षं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, भाकरीचे तुकडे आत सोडत आणि ओढून पचन कसं होतं ते बघत. त्यातून १८३३ सालचा पचनशास्त्रातला पायाभूत ग्रंथ झाला. सेंट मार्टिन १८८० पर्यंत जगला, भोकासकट. जठराचं आतलं अस्तर कातडीला जाऊन भिडलं की शरीराच्या लेखी ते दार होतं, आणि दार ते बुजवत नाही. लीक जुनं पडू देऊ नये, याचं कारण हेच. बारा आठवड्यांपुढच्या गळतीला जुनाट म्हणतात. तेव्हा कधी लहान आतड्याचा एक पदर वर आणून थेट त्या भोकाला जोडावा लागतो, कधी उरलेलं जठरही काढावं लागतं. क्वचित पू श्वासपटल पोखरून फुप्फुसात वाट काढतो, आणि माणूस पाणी प्यायला की त्याला खोकला येतो. महिनोन्महिने दम्याचे उपचार घेऊन मग हे सापडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आपल्या गोष्टीतली बाई आठव्या दिवशी पोचली. उशीर झाला, पण फार नाही. ड्रेन, नाकातली नळी, स्टेंट. नवऱ्यानं शंभर पानी वही आणली आणि रोज सकाळी सातला पिशवीतलं मोजून लिहायला लागला. १८०, १६०, १७५, ९०. पानाच्या डाव्या बाजूला पिशवीचा आकडा, उजव्या बाजूला नाडीचा. आता त्याला दोन्ही वाचता येत होते. सातव्या आठवड्यात स्टेंट निघाला, आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी तिला निळं औषध घातलेलं पाणी प्यायला दिलं. अजून भोक असेल तर पिशवी निळी होणार होती.

तिनं चार घोट घेतले. ओठ, जीभ, दात निळे. मग दोघं त्या पिशवीकडे बघत बसली, वॉर्डातल्या दुपारच्या जेवणाच्या गाड्या येऊन गेल्या तरी. चार वाजता पिशवीत आठ मिलिलिटर होतं, पिवळसर, पाण्यासारखं. त्यानं वहीत आठ लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाथरूममधून घाबरून ओरडली, "अहो, लघवी हिरवी होतेय!" निळं औषध शेवटी जायचं तिथूनच गेलं होतं; एवढं सांगायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.